आधी शब्द, मग विचार

तत्त्वज्ञान कठीण असते असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा अडतो तो त्यातल्या शब्दापाशी. रामबाम यांनी ‘मोरे नेवुखीम’ हा ग्रंथ सुमारे ११९० साली मिसर देशात अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत लिहिला. वाचक होता घरी अरबी बोलणारा यहुदी. म्हणून ते आधी शब्द उलगडतात: परमेश्वर ‘बसला’, म्हणजे तो स्थिर आहे, बदलत नाही. मग विचाराकडे नेतात. तत्त्वचिंतनाची खरी रीत हीच.

१२०४ साली शमुएल इब्न तिब्बोन यांनी त्याचे हिब्रू भाषांतर पुरे केले. हिब्रूत शब्द अपुरे पडले, तेव्हा पुढे अपरिचित शब्दांचा कोशही रचला. हे भाषांतर १७४२ साली जर्मनीत येसनिट्झ येथे छापले गेले, आणि जवळच्याच देसाऊ गावच्या मोझेस मेंडेलसोन यांनी ते लहान वयातच अभ्यासले. पुढे १७८० ते १७८३ या काळात बर्लिनमध्ये त्यांनी तोराचे जर्मन भाषांतर हिब्रू लिपीत प्रसिद्ध केले. युक्ती रामबामांचीच!

पण एक उणे राहिले. हे भाषांतर अनेकांना जर्मन शिकण्याची शिडी झाले. वर चढल्यावर पुष्कळांनी हिब्रू सोडली. दोष मेंडेलसोनांचा नव्हे. शब्द समजला, तरी विचार घरात बोलावा लागतो.

वाचकहो, आपल्याकडेही १८४६ साली मुंबईत हग्गादा मराठी अर्थासह छापली गेली. आता नातवंडे हिब्रू वाचतात, मराठी नाही. त्यांना त्यांच्याच भाषेत समजवावे. मात्र आजीचा एखादा मराठी शब्द मध्ये ठेवावा, आणि त्याचा अर्थ विचारू द्यावा.