दाभोळची मशीद

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वसलेल्या दाभोळ या जुन्या बंदरातील आदिलशाही वास्तू. ‘शाही मशीद’, ‘अंडा मशीद’ व ‘माँसाहेबांची मशीद’ अशा नावांनी ती ओळखली जाते. तिचा काळ सामान्यतः १६५९-६० मानतात.

उंच जोते, पुढे रुंद पायऱ्या, चार कोपऱ्यांवर चार मनोरे व मध्ये एकच भव्य घुमट, अशी तिची रचना आहे. आतील मोजमाप सु. १९ × १६ मी. असून घुमटाची उंची सु. २३ मी. आहे. खाडीतून येणाऱ्यास गावाआधी घुमट दिसावा, हा जागेच्या निवडीतील हेतू उघड आहे. कोकणातील मशिदी बहुधा उतरत्या कौलारू छपरांच्या असतात. येथील पर्जन्यमानास तेच मानवते. येथे मात्र कारागिरांनी स्थानिक परंपरेशी तडजोड न करता घाटमाथ्यावरील विजापूरच खाडीकाठी उभे केले आहे. त्यामुळे वास्तूस भारदस्तपणा लाभला, पण परिसराशी ती काहीशी परकीच राहिली.

विजापूरची एक राजकन्या (काहींच्या मते आयेशाबीबी) मक्केच्या यात्रेस निघाली असता समुद्र सुरक्षित नसल्याने तिला येथे थांबावे लागले आणि यात्रेचे द्रव्य तिने मशिदीस लावले, अशी आख्यायिका आहे. तिच्यासोबतच्या हजारो घोडेस्वारांचा तपशील अतिशयोक्त वाटतो. मुहंमद आदिलशाहाची राणी बडी साहिबा ही १६६० नंतर लवकरच कोकणच्या किनाऱ्यावरूनच मक्केस गेली होती. तेव्हा दोन स्त्रियांच्या स्मृती लोककथेत मिसळल्या असण्याचा संभव आहे. आख्यायिकेने खर्चाचा उलगडा होतो, रूपाचा होत नाही. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान मारला गेल्यावर या किनाऱ्यावरील आदिलशाहीची पकड सुटत गेली व पुढे दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. रूढ काळ ग्राह्य धरल्यास, सत्ता ओसरत असतानाच तिचे सर्वांत ठळक चिन्ह येथे उभे राहिले, असे म्हणावे लागते.

काही लेखक या मशिदीत तुर्की वळण पाहतात. फिरिश्ताने आदिलशाही घराण्याचे मूळ उस्मानी राजकुलात सांगितले आहे आणि १५१७ पासून मक्का-मदिनाही उस्मानी आधिपत्याखाली होत्या, एवढाच त्यास आधार. वास्तुदृष्ट्या हे मत टिकत नाही. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत (१५५०–५७) मुख्य घुमटाचा भार किब्ल्याच्या अक्षावरील अर्धघुमटांवर उतरत जातो व त्यातून आतील अवकाश विस्तारतो. दाभोळला अर्धघुमट मुळीच नाहीत. एकटा घुमट चौरस बैठकीवर गोलघुमटाच्या परंपरेत उभा आहे. मनोरेही बांग देण्यासाठी नसून केवळ शोभेचे आहेत. तांबड्या समुद्राशी दाभोळचा व्यापार पूर्वापार होता खरा. परंतु जहाजांतून माल व यात्रेकरू गेले-आले, बांधणीची रीत आली नाही. तिचा उगम विजापुरातच शोधावा लागतो.