जुने पुस्तक चूक नव्हते

मध्यंतरी एका शिक्षकमित्राने मला दोन पुस्तके दाखवली. ग्रंथालयातल्या जुन्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात १ लिटर म्हणजे १०००.०२८ घनसेंटिमीटर असे छापले होते. आजच्या पुस्तकात नेमके १०००. मुलांनी विचारले, "सर, यातले चूक कोणते?" सरांनी सांगितले, "जुने."

वास्तविक आपापल्या काळात दोन्ही बरोबर होती. १९०१ साली वजने व मापे यांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने लिटरची व्याख्या केली, ती पाण्यावरून. कमाल घनतेच्या स्थितीत व प्रमाण वातावरणीय दाबाखाली १ किलोग्रॅम शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापते, तेवढा १ लिटर. मुळात १ घनडेसिमीटर पाण्याचे वस्तुमान १ किलोग्रॅम असावे असा हेतू होता. पण तयार झालेला धातूचा प्रमाण-किलोग्रॅम किंचित जड निघाला. परिणामी लिटर हा घनडेसिमीटरपेक्षा दहा लाखांत सुमारे २८ भागांनी मोठा ठरला. १९६४ मध्ये बाराव्या परिषदेने ती व्याख्या रद्द केली आणि लिटर हे घनडेसिमीटरचेच खास नाव म्हणून वापरण्यास मुभा दिली. अतिशय अचूक मापनांत मात्र ते नाव वापरू नये, अशी शिफारसही केली.

ही सगळी हकिगत एका पुस्तिकेवरून जुळवता येते. आंतरराष्ट्रीय वजन-मापन कार्यालयाच्या एसआय पद्धतीवरील पुस्तिकेची नववी आवृत्ती २०१९ साली निघाली. तिच्या परिशिष्टात १८८९ पासूनचे निर्णय क्रमाने दिले आहेत, रद्द झालेलेसुद्धा. हा तिचा मोठा गुण. दोष म्हणाल तर ठरावांची भाषा कायदेशीर आहे. काय बदलले ते लगेच कळते, का बदलले ते शोधावे लागते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत व प्रयोगपुस्तिकांत पुष्कळदा तेवढेही नसते. मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती' असते, पण सुधारले काय, ते आत कोठेच नसते. यावर दोन आक्षेप घेतले जातात: पाने वाढतात आणि मुले गोंधळतात. पहिल्याला उत्तर सोपे आहे. अर्धे पान पुरते. दुसरा आक्षेप मला उलटा वाटतो. मुले गोंधळतात ती नोंद नसल्यामुळे. जुन्या कोष्टकात पाण्याची कमाल घनता दर मिलिलिटरला १.००००००० ग्रॅम आणि नव्यात दर घनसेंटिमीटरला ०.९९९९७ ग्रॅम दिसली, तर पाणी बदलले असे समजायचे काय? बदलले ते माप.

शाळेतल्या मोजपात्राला हा फरक कळणारही नाही, हे मान्य. प्रश्न त्या आकड्याचा नाही. 'जुने ते चूक' असे शिकलेला विद्यार्थी, आजचेही उद्या चूकच ठरणार, असे मानू लागतो. बदलामागचे कारण कळले, तर विज्ञान स्वतःला कसे सुधारते हे त्याला समजते.

म्हणून एक सूचना. आपल्या प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, आधी काय होते, आता काय आहे, का बदलले. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. आणि जुने पुस्तक रद्दीत देऊ नका.