वगळण्यातील श्रीमंती : जाँ-मिशेल फ्रँकच्या गृहसजावटीतील संयमाचा विचार

सारांश : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील फ्रेंच गृहसजावटकार जाँ-मिशेल फ्रँक (१८९५-१९४१) याच्या शैलीचा उल्लेख बहुधा 'साधी' या विशेषणाने केला जातो. प्रस्तुत लेखात या विशेषणाची चिकित्सा केली आहे. फ्रँकचा संयम हा ऐश्वर्याचा त्याग नसून ऐश्वर्याचे स्थानांतर आहे; ते दृश्य अलंकारातून निघून साहित्यावरील हस्तश्रमात मुरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गृहसजावट, संयम, अलंकरण, हस्तश्रम, जाँ-मिशेल फ्रँक

१. प्रस्तावना

कवी आणि नाटककार जाँ कोक्तो एकदा फ्रँकच्या पॅरिसमधील घरी गेला होता. तेथून बाहेर पडताना त्याने काढलेले उद्गार फ्रँकच्या नावाला कायमचे चिकटले. तरुण मोठा लाघवी आहे, पण बिचाऱ्याच्या घरातले सारे चोरांनी नेले, अशा अर्थाचा तो विनोद असल्याचे सांगितले जाते. विनोद मार्मिक आहे आणि म्हणूनच तो फसवाही आहे. फ्रँककडे पाहण्याची एक दृष्टी या विनोदाने ठरवून टाकली : जेथे वस्तू कमी, तेथे साधेपणा, जेथे साधेपणा, तेथे जवळजवळ वैराग्यच. फ्रँकविषयीच्या पुष्कळ लेखनात ही समजूत डोकावते.

परंतु फ्रँकचे ग्राहक कोण होते हे पाहिले की ही समजूत डळमळू लागते. पॅरिसमधील नोआय हे उमराव दांपत्य, अत्तरांच्या व्यवसायातील गेर्लँ घराणे, न्यूयॉर्कचा नेल्सन रॉकफेलर ही त्यांतील काही नावे. वैराग्याची गरज असलेली ही मंडळी नव्हती. मग त्यांनी भरपूर पैसा मोजून विकत घेतले ते काय, हा प्रश्न उरतो. फ्रँकच्या संयमाचा अर्थ या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे.

२. अलंकाराचा वाद आणि फ्रँकची जागा

१९२५ मध्ये पॅरिस येथे सजावटी कलांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. 'आर्ट डेको' हे नाव पुढे याच प्रदर्शनावरून रूढ झाले. दुर्मिळ लाकडे, हस्तिदंती जडावकाम आणि रेखीव बांधणी यांसाठी ख्यातनाम असलेल्या रूलमानसारख्या सजावटकाराचे काम तेथे एका टोकाला होते. दुसऱ्या टोकाला ल कॉर्ब्युझिएने उभारलेला मंडप होता. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंनीच घर सजावे, अशी त्यामागील भूमिका होती. ऑस्ट्रियन वास्तुकार आडॉल्फ लूस याने अलंकाराला गुन्ह्याच्या पंक्तीत बसवून या वादाला अगोदरच धार आणली होती.

फ्रँक या दोन्ही पक्षांत नीट बसत नाही. त्याने अलंकार जवळपास पूर्णपणे नाकारला, पण यंत्राची बाजू घेतली नाही. आडॉल्फ शानो या कसबी कारागिराशी त्याने भागीदारी केली. शानोने पूर्वी रूलमानकडे काम केलेले होते, म्हणजे अलंकृत परंपरेतच त्याचा हात तयार झाला होता. तोच हात आता निरलंकृत पृष्ठभाग घडवू लागला. १९३५ मध्ये दोघांनी पॅरिसमधील फोबूर सेंत-ओनोरे या उच्चभ्रू रस्त्यावर दुकान थाटले. आकार आधुनिक, कसब परंपरागत आणि गिऱ्हाईक धनाढ्य असा हा त्रिवेणी योग होता.

३. साहित्याची उलटी उतरंड

फ्रँकच्या कामाचा खरा विशेष त्याने निवडलेल्या साहित्यात आहे. पेंढा, जनावरांच्या कातड्यापासून केलेला चर्मपट, अभ्रक, जिप्सम, पाकट माशाचे खरबरीत कातडे आणि शिरांमध्ये पांढरे रंगद्रव्य भरून फिकट केलेले ओकचे लाकूड ही त्याची आवडती सामग्री होती. यांतील काही वस्तू बाजारात कवडीमोलाच्या. शेतकरी गुरांपुढे टाकतो किंवा गोठ्यात अंथरतो तो पेंढा लक्षाधीशाच्या बैठकीत कसा पोहोचला?

त्याची प्रक्रिया लक्षात घेण्याजोगी आहे. राय या धान्याची काडी भिजवायची, एकेक काडी उभी चिरायची, आतील बाजू हाडाच्या किंवा तत्सम अवजाराने दाबून सपाट करायची आणि अशा अरुंद पट्ट्या कडेला कड भिडवून लाकडावर चिकटवायच्या. काडीला निसर्गतःच चकाकी असते, त्यामुळे वर रोगण चढवावे लागत नाही. एखादे कपाट किंवा पडदी अशा रीतीने मढवायची तर किती काड्या आणि किती दिवस लागतील, याची कल्पना करता येते. हे तंत्र फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून चालत आले होते. फ्रँकने ते लहानसहान पेट्यांपुरते न ठेवता मोठ्या फर्निचरापर्यंत आणि भिंतीपर्यंत नेले.

येथे मूल्याची नेहमीची उतरंड उलटी होते. सोने मुळातच महाग असते. ते सुमार हाताने घडवले तरी त्याची किंमत फारशी घटत नाही. पेंढा मुळात स्वस्त असतो. त्याला जे मोल येते ते केवळ हाताने दिलेले असते. म्हणून फ्रँकच्या कामातील ऐश्वर्य हे पदार्थाचे नव्हे, तर वेळेचे ऐश्वर्य आहे. ग्राहक येथे कारागिराच्या आयुष्यातील दिवस विकत घेतो. १९२६ मध्ये नोआय दांपत्याच्या पॅरिसमधील प्रासादात सजवलेला दिवाणखाना हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. चर्मपटाचे चौकोनी तुकडे लावून सजवलेल्या त्याच्या भिंती दगडी चिऱ्यांच्या बांधकामाची आठवण देत. ब्राँझचे दरवाजे आणि अभ्रकाने मढवलेली शेकोटी यांची त्यांना जोड होती.

४. छायाचित्रांनी निर्माण केलेला रिकामेपणा

नोआय यांचा तो दिवाणखाना आज फ्रँकच्या मूळ मांडणीत उरलेला नाही. पुढील काळात त्या वास्तूचे स्वरूप पालटले. २००३ मध्ये बाकारा या काचसामान बनवणाऱ्या संस्थेने फिलिप स्टार्क या रचनाकाराकडून तिला नवे रूप दिले. फ्रँकने सजवलेल्या खोल्यांचा परिचय म्हणूनच अभ्यासकांना मुख्यतः कृष्णधवल छायाचित्रांतून होतो, आणि गैरसमजाचे एक मूळ येथेच आहे. छायाचित्र आकार दाखवते, अंतर दाखवते. स्पर्श मात्र दाखवू शकत नाही. पेंढ्याची सोनेरी झाक, कातड्याचा खरबरीतपणा, अभ्रकाचा मंद लकाकणारा थर हे सारे करड्या छटांत विरून जाते. मागे उरतात त्या मोकळ्या भिंती. चोरांनी लुटलेले घर हे वर्णन छायाचित्राला चपखल लागू पडते, खोलीला नव्हे.

बा. सी. मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे या ठिकाणी उपयोगी पडतात. खोली हे माध्यम मानले, तर रंग, स्पर्श, प्रकाश आणि अंतर हे तिचे घटक ठरतात. फ्रँकच्या खोलीत रंगांच्या पातळीवर संवादलय आहे : पांढरा, फिकट पिवळसर, मातकट तपकिरी अशा निकटच्या छटा तेथे एकत्र नांदतात. स्पर्शाच्या पातळीवर मात्र विरोधलय आहे : गुळगुळीत शेजारी खरबरीत, थंड ब्राँझशेजारी उबदार पेंढा. रंग शांत ठेवल्यामुळेच स्पर्शातील हा विरोध जाणवू शकतो. वस्तूंच्या मोजक्या मांडणीतून समतोल साधला जातो. अशा रीतीने पाहिल्यास फ्रँकचा संयम हा अभाव ठरत नाही. एका इंद्रियाला विसावा देऊन दुसऱ्याला जागे करण्याची ती योजना ठरते.

या योजनेत दुसऱ्या कलावंतांनाही जागा होती. आल्बेर्तो जाकोमेत्तीने फ्रँकसाठी दिवे आणि फुलदाण्या घडवल्या. रॉकफेलरच्या न्यूयॉर्कमधील निवासाची सजावट १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात झाली; तेथील शेकोट्यांभोवती मातीस आणि लेजे यांची खास करवून घेतलेली चित्रे होती. सजावटकाराने माघार घेतल्याशिवाय चित्रकाराला असा अवकाश मिळत नाही.

५. चरित्राचा मोह

फ्रँकचे चरित्र शोकात्म आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये त्याचे दोन्ही थोरले भाऊ मारले गेले. त्याच वर्षी वडिलांनी आत्महत्या केली. ॲन फ्रँकचा पिता ऑटो फ्रँक हा त्याचा चुलतभाऊ. ज्यू असल्यामुळे १९४० मध्ये त्याला फ्रान्स सोडावे लागले. ब्वेनोस आयरेसमार्गे तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि तेथे मार्च १९४१ मध्ये त्याने स्वतःचे जीवन संपवले.

हा तपशील कळल्यावर त्या मोकळ्या खोल्यांत शोक दिसू लागणे स्वाभाविक आहे. तथापि समीक्षेने येथे सावध राहणे इष्ट ठरते. खोली ही कविता नव्हे. ती दुसऱ्याच्या वापरासाठी, दुसऱ्याच्या पैशाने आणि अनेकांच्या हातांनी तयार होते. फ्रँकच्या दुःखाला त्या खोल्यांचा एकमेव अर्थ ठरवले, तर त्याचा विचारही नजरेआड होतो आणि ते हातही.

६. एक समांतर उदाहरण : माणिकबाग

मराठी अभ्यासकाला याच दशकातील एक जवळचे उदाहरण आठवणे साहजिक आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा राजवाडा सजवून घेतला. रूलमान, आयलीन ग्रे आणि ल कॉर्ब्युझिएचे सहकारी यांच्या कलाकृती तेथे होत्या. राजवाडा म्हणताच डोळ्यांपुढे येणारी झुंबरे आणि कोरीव कमानी यांना तेथे फाटा दिला होता. मात्र माणिकबागेतील संयम धातू, काच आणि यंत्रयुगाच्या तकाकीतून प्रकटतो, तर फ्रँकचा संयम काडी, कातडे आणि हात यांतून. दोन्हीकडे अलंकार गेला, ऐश्वर्य राहिले. माणिकबागेतील सामान १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात विकले गेले. संयत वस्तूंनाही जागतिक बाजारात केवढे मोल असते, हे त्या लिलावाने दाखवून दिले.

७. टेबलाचा प्रवास

फ्रँकच्या विचाराची खरी कसोटी त्याच्या ग्राहकांच्या घराबाहेर लागली. पार्सन्स या अमेरिकन कलासंस्थेच्या पॅरिस शाखेत त्याने १९३० नंतरच्या दशकात मार्गदर्शन केले. पृष्ठभागाची जाडी आणि पायांची रुंदी एकच असलेले, कोणताही सांधा मिरवत नसलेले 'पार्सन्स टेबल' या अध्यापनातून आकाराला आले असे मानले जाते. कोणत्याही साहित्याने मढवले तरी ज्याचे रूप ढळणार नाही, असे टेबल घडवणे हे त्यामागील आव्हान होते.

टेबल खरोखरच टिकले, पण वेगळ्या रीतीने. याच प्रमाणबद्धतेचे छोटे टेबल आयकिआ ही स्वीडिश संस्था 'लॅक' या नावाने आज जगभर विकते. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी कागदी भरण असते. ते हलके असते, स्वस्त असते आणि मध्यमवर्गीय घरात सहज सामावते. दुसरीकडे, एर्मेस या पॅरिसच्या चर्मवस्तू संस्थेने २०११ मध्ये फ्रँकच्या काही रचना उंची रूपात पुन्हा बाजारात आणल्या. म्हणजे फ्रँकच्या वारशाची सरळसरळ वाटणी झाली. प्रमाण सर्वांना मिळाले. हात मात्र श्रीमंतांकडेच राहिला.

ही वाटणी फ्रँकच्या तत्त्वातच बीजरूपाने होती. ज्या साहित्याचे मोल श्रमावाचून उभे राहत नाही, ते श्रम काढून घेतल्यावर पुन्हा मूळ किमतीला येते. मात्र आकार श्रमाशी बांधलेला नव्हता, म्हणून तो मुक्तपणे फिरू शकला.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की फ्रँकला 'साधा' म्हणणे ही केवळ शब्दाची चूक नाही. या विशेषणामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली, संयम परवडण्यासाठी लागणारी संपत्ती. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, तो संयम प्रत्यक्षात आणणारे श्रम. कोरीव कामात कारागिराची खूण निदान दिसते तरी. फ्रँकच्या निर्दोष पृष्ठभागात ती पुसली जावी हीच यशाची अट होती. काडी शेजारच्या काडीशी इतकी एकरूप व्हावी की ती कोणीतरी बसवली आहे हेच पाहणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये. शानोचे नाव निदान नोंदले गेले. त्याच्या कार्यशाळेत काड्या चिरणाऱ्यांची नावे फ्रँकची खोली पाहणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येतील?

याचा अर्थ फ्रँकची कला कमी प्रतीची होती असा नाही. तुच्छ मानलेल्या पदार्थाला त्याने प्रतिष्ठा दिली आणि मोल पदार्थात नसून त्यावर झालेल्या संस्कारात असते, हे त्याने रचनेतून सिद्ध केले. त्या संस्काराचे धनी कोण, हा प्रश्न मात्र त्याच्या खोल्यांनी अनुत्तरित ठेवला. संयत ऐश्वर्याची समीक्षा करताना काय वगळले एवढेच पाहून भागणार नाही. वगळल्यानंतर जे उरले ते कोणाच्या हातांनी उरले, हेही पाहावे लागेल.