घाट आणि चौक : वास्तुरचनेच्या मूलसंकल्पना आणि मराठी समीक्षेची परिभाषा

मराठी समीक्षेने आपली परिभाषा घडविताना इतर कलांकडून आणि कारागिरीकडून मोकळेपणाने उसनवारी केली आहे. ‘वीण’ आणि ‘पोत’ विणकामातून आले, ‘घाट’ घडीव वस्तूच्या आकारातून आला, तर ‘रचना’, ‘बांधणी’, ‘कथानकाचा डोलारा’ यांसारख्या प्रयोगांत वास्तूची छाया आहे. उसन्या संज्ञेबरोबर तिच्या मूळ क्षेत्रातील एक विशिष्ट दृष्टीही येत असते. त्यामुळे कादंबरीच्या बांधणीविषयी बोलताना समीक्षकाच्या मनासमोर कोणत्या प्रकारची इमारत असते, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

वास्तुरचनेच्या अध्यापनात बिंदू, रेषा, प्रतल आणि घन ही मूलद्रव्ये मानली जातात. अक्ष, सममिती, श्रेणीक्रम, लय ही त्यांच्या संघटनेची तत्त्वे होत. फ्रान्सिस चिंग यांच्या 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित असलेल्या पाठ्यपुस्तकाची मांडणी याच क्रमाने पुढे सरकते. वास्तूतून माणसाच्या होणाऱ्या संचाराचे विवेचन तेथे आकार आणि अवकाश यांच्या विवेचनानंतर येते. अध्यापनासाठी हा क्रम सोयीचा आहे. परंतु आधी वस्तू पूर्ण होते आणि मग माणूस तीत शिरतो, अशी समजूत त्यातून बळावू शकते. ही समजूत कोठे टिकते आणि कोठे ढळते, हे बंगळूरमधील दोन वास्तू शेजारी ठेवल्यास स्पष्ट होते.

1956 मध्ये पूर्ण झालेले विधान सौध हे मुख्यतः समोरून पाहण्याचे शिल्प आहे. रुंद पायऱ्या, सुमारे 40 फूट उंचीचे 12 ग्रॅनाइट स्तंभ, मध्यवर्ती घुमट आणि दोन्ही बाजूंचा समतोल यांमुळे पाहणाऱ्याला संपूर्ण रचनेचे आकलन एका दृष्टिक्षेपात होते. रस्त्यापलीकडे 1868 मधील अठारा कचेरीची तांबडी इमारत, म्हणजे आजचे उच्च न्यायालय, उभी आहे. रंग आणि शैली यांच्या बाबतीत ती विरोध साधते, तर दर्शनी स्तंभांच्या बाबतीत संवाद. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या विवेचनात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडतात.

बन्नेरघट्टा मार्गावरील भारतीय व्यवस्थापन संस्थेची वास्तू मात्र या परिभाषेला सहजासहजी वश होत नाही. संस्थेची स्थापना 1973 ची. तिच्या संकुलाची रचना बाळकृष्ण दोशी यांनी 1977 पासून केली. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम केलेल्या दोशींनी येथे फत्तेपूर सिक्रीच्या रचनेपासून प्रेरणा घेतली. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, उंच मार्गिका, त्यांवर कोठे छत तर कोठे उघड्या तुळयांची जाळी, मधूनमधून चौक आणि सर्वत्र हिरवळ व वेली अशी ही योजना आहे. संपूर्ण वास्तूचे रूप सांगणारी एकच दर्शनी बाजू तिला नाही. मार्गिका केवळ वर्गांना जोडणारी वाट राहत नाही. वर्गाबाहेरच्या भेटी आणि संभाषणे घडण्याची ती जागा होते. ऊन सरकते तशा तुळयांच्या सावल्या सरकतात. त्यामुळे सकाळी आणि दुपारी त्याच मार्गिकेचा अनुभव वेगळा असतो. येथे भिंत हे मूलद्रव्य राहत नाही; दोन भिंतींमधील मोकळीक आणि तीमधून चालणाऱ्या माणसाचा काळ हीच मूलद्रव्ये ठरतात.

लेसिंगने 1766 मध्ये ‘लाओकोऑन’मध्ये चित्रशिल्पादी कला अवकाशाच्या आणि काव्य काळाचे, अशी विभागणी केली. जोसेफ फ्रँक यांनी 1945 मध्ये आधुनिक साहित्यातील अवकाशात्म रूपाची चर्चा करून तिची एक बाजू सैल केली. दोशींची वास्तू दुसऱ्या बाजूने तेच करते : अवकाशाची मानली गेलेली कला येथे क्रमाने, चालताचालता उलगडते. मर्ढेकरांनी साहित्याचे द्रव्य भावनात्मक अर्थ हे मानले आणि त्यांची संघटना लयतत्त्वांनी होते असे म्हटले. त्यांच्या तत्त्वांना काळाचे वावडे नाही. लय ही संज्ञाच काळसापेक्ष आहे. तथापि, त्यांचा वारसा सांगणाऱ्या ‘घाट’केंद्री समीक्षेत लय पुष्कळदा पूर्ण झालेल्या कृतीकडे मागे वळून पाहताना दिसणारी आकृती बनते. ही दृष्टी विधान सौधाच्या प्रेक्षकाची आहे, मार्गिकेतून चालणाऱ्याची नव्हे.

याचा परिणाम विशिष्ट कृतींच्या आकलनावर होतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) हे याचे बोलके उदाहरण. घट्ट कथानकाचा निकष लावला तर ती प्रसंगांची आणि व्यक्तिचित्रांची मालिका वाटते. पण नवखा शिक्षक पायी चालत वाडीत येतो आणि एकेका माणसापाशी थांबत तिच्या अंतरंगात शिरतो. प्रत्येक व्यक्तिचित्र हा जणू एक चौक आहे. तेथे थांबल्याशिवाय पुढचा कळत नाही. कादंबरीत एक वास्तूही उभी राहते. शिक्षकाच्या पुढाकाराने वाडीची माणसे तालीम बांधतात. पुढे दुष्काळ पडतो, माणसे वाडी सोडून जातात. बांधकामाचा हेतू भिंतींत नव्हता, तर तेथे जमणाऱ्या माणसांत होता, हे त्या ओसाडपणात कळते. वाचकाने वाडी पायी ओलांडलेली असते म्हणूनच ही रिकामी जागा त्याच्यासाठी अर्थपूर्ण होते. ‘घाट नाही’ हा शेरा अशा कृतीतील उणीव सांगत नाही. तो वाचनाची चुकीची जागा सांगतो.

अशा वाचनासाठी लागणारी परिभाषा बाहेरून आणण्याची गरज नाही. मराठी वाड्याच्या शब्दसंग्रहात देवडी, पडवी, ओसरी, सोपा, चौक, माजघर अशी पदे आहेत. त्यांतून केवळ खोल्यांचे आकार नव्हे, तर परक्या माणसाने कोठवर यावे आणि आपल्याने कोठवर जावे, याच्या पायऱ्या सूचित होतात. हा क्रम सामाजिक बंधनांनी घडलेला आहे. जात आणि लिंग यांनुसार कोणाला देवडीवरच थांबावे लागे, हे विसरून त्याला निव्वळ सौंदर्यतत्त्व मानता येणार नाही. परंतु याच कारणाने तो समीक्षेला उपयुक्त ठरतो. कृती वाचकाला कोठे अडवते आणि कोठे आत घेते, या रूपाच्या प्रश्नात कोणाला आत घेते हा सामाजिक प्रश्न त्यामुळे आपोआप सामावतो.

या तुलनेला मर्यादा आहे. मार्गिकेतून चालणारा आपली वाट निवडतो, उलट फिरतो, वास्तूचा काही भाग न पाहताच परततो. कादंबरीत पानांचा क्रम लेखकाने ठरविलेला असतो. म्हणून एका कलेच्या संज्ञा दुसरीवर सरसकट लादता येत नाहीत. तरीही, वास्तूकडून शब्द घ्यायचे असतील तर ते कोणत्या वास्तूकडून घेतले आहेत हे समीक्षेने तपासले पाहिजे. घाट कृतीचे बाह्यरूप सांगतो. चौकात मात्र वाचकाला स्वतः उतरावे लागते.