युरोपीय एकात्मीकरण आणि नागरिकांचा सहभाग : ‘प्लॅन डी’ची चिकित्सा

फ्रान्सने २९ मे २००५ रोजी आणि नेदरलँड्सने १ जून २००५ रोजी युरोपीय संघाचा घटनात्मक करार सार्वमताद्वारे फेटाळला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये युरोपीय आयोगाने ‘प्लॅन डी’ जाहीर केला. लोकशाही, संवाद आणि चर्चा या संज्ञांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हे नाव पडले. उपाध्यक्षा मार्गॉट वॉलस्ट्रॉम यांच्या पुढाकाराने आखलेल्या या योजनेत आयुक्तांच्या सदस्य-राष्ट्रांना भेटी आणि नागरिकांच्या चर्चासभा यांवर भर होता. नागरिक उदासीन आहेत व त्यांच्यापर्यंत युरोप पोहोचविला की आस्था निर्माण होईल, हे तिच्यामागील गृहीतक होते.

हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक ठरते. युरोपीय संसदेच्या २००४ च्या निवडणुकीत संघभर सुमारे ४५ टक्के मतदान झाले होते. फ्रान्सच्या सार्वमतात मात्र ६९ टक्के मतदारांनी भाग घेतला. कराराचा मसुदा मतदारांना घरपोच देण्यात आला होता. समाजवादी पक्षाने अंतर्गत मतदानाने कराराला पाठिंबा दिला असतानाही लॉराँ फाबियस यांनी जाहीरपणे विरोध केला आणि पक्ष दुभंगला. सेवाक्षेत्र खुले करण्याच्या प्रस्तावित निर्देशावरून कामगारांच्या हक्कांचा प्रश्न ऐरणीवर आला. याला उदासीनता म्हणणे कठीण आहे. चर्चा झाली होती. तिचे उत्तर ब्रुसेल्सला रुचले नव्हते, इतकेच.

पुढील घटनाक्रम अधिक बोलका आहे. फेटाळलेल्या करारातील बहुतांश तरतुदी डिसेंबर २००७ मध्ये स्वाक्षरी झालेल्या लिस्बन करारात आल्या. फ्रान्स व नेदरलँड्स येथे या वेळी सार्वमत टाळून संसदेमार्फत मान्यता घेण्यात आली. आयर्लंडने जून २००८ मध्ये नकार दिला, तेव्हा काही हमी देऊन ऑक्टोबर २००९ मध्ये पुन्हा मतदान घेतले गेले. एकीकडे चर्चेचे आवाहन आणि दुसरीकडे तिच्या निष्कर्षाला बगल, ही विसंगती कोणत्याही प्रसिद्धिमोहिमेने झाकली जाणारी नव्हती.

लिस्बन करारानेच आणलेल्या नागरिक-पुढाकाराच्या तरतुदीनुसार दहा लाख स्वाक्षऱ्यांनंतरही कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचे बंधन आयोगावर नाही. २०२१-२२ मधील ‘युरोपच्या भवितव्यावरील परिषदे’त चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ८०० नागरिकांची मंडळे होती, आणि या प्रयोगाचे श्रेय नाकारता येत नाही. परिषदेने ४९ प्रस्ताव मांडले. त्यांपैकी काहींसाठी करारदुरुस्ती अपरिहार्य होती. ९ मे २०२२ रोजी अहवाल सादर झाला आणि त्याच दिवशी १३ सदस्य-राष्ट्रांनी घाईच्या करारदुरुस्तीस संयुक्तपणे विरोध नोंदविला.