शरणागतीची किंमत : टिळकांचे अभंग आणि 'स्मृतिचित्रे'

मराठी समीक्षेने रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून स्वीकारले आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा मोकळ्या, मिश्कील आत्मकथनाचा आदर्श म्हणून गौरव केला. हे दोन्ही गौरव यथार्थ आहेत. परंतु त्यांच्या ओघात या लेखनाच्या मुळाशी असलेला धर्मानुभव बाजूला पडला. ख्रिस्ती श्रद्धेतील त्यागमय प्रेम आणि ईश्वरेच्छेला शरण जाणे या कल्पना मराठीत कोणत्या रूपाने अवतरल्या, या प्रश्नाचा विचार करताना ही दोन लेखने परस्परांसमोर ठेवणे आवश्यक ठरते.

तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. 'अभंगांजली'तील शरणागतीची भाषा याच सेतूवरून आलेली आहे. मात्र ख्रिस्ती समर्पणाचा गाभा गेथशेमाने बागेतील प्रसंगात आहे. दुःखाचा प्याला टळावा, अशी येशूची प्रार्थना प्रथम येते. पित्याच्या इच्छेचा स्वीकार त्यानंतर. संमतीपूर्वीचा हा नकार वगळला, तर क्रूसावरील मरण हे केवळ विधिलिखित ठरते. ते प्रेमाचे कृत्य राहत नाही. टिळकांच्या अभंगांत बहुतांशी संमती आहे, नकार नाही. शरणागती तेथे सिद्धावस्थेतच भेटते.

हा दोष अभंग या रचनाप्रकाराचा मानता येणार नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. टिळकांनी तुकोबांची शरणागती घेतली. त्यांचे भांडण घेतले नाही.

सेतूच्या रूपकात आणखी एक गोष्ट झाकली जाते. नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी लोणंदला मुक्कामी येते आणि पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. लोणंदहून पुढे निघालेला वारकरी पंढरी गाठतो आणि आपल्या संसारात परततो. वारीच्या शरणागतीत घराचा त्याग गृहीत नाही. टिळकांच्या वाटेला परतीचा टप्पा नव्हता. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घर दुभंगले आणि पतिपत्नींना काही काळ वेगळे राहावे लागले. पुढे १९१७ मध्ये, लोणंद ज्या जिल्ह्यात आहे त्याच साताऱ्यात, त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. सेतू वैयक्तिक न राहता सामुदायिक व्हावा, ही त्यामागील आकांक्षा थोर होती. पण त्या सेतूची किंमत कोणी दिली, हा प्रश्न टिळकांच्या कवितेत उमटत नाही.

तो उमटतो 'स्मृतिचित्रे'त. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात लक्ष्मीबाई पतीच्या धर्मांतराचा धक्का, विरह आणि स्वतःच्या मनातील सोवळ्याओवळ्याशी चाललेला झगडा कोणताही आध्यात्मिक मुलामा न देता सांगतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. परंतु वाचकाच्या मनावर ठसते ती तिथी नव्हे, तर तेथवर जाणारी संथ, अडखळती वाट. पती ईश्वराला शरण गेला, त्या शरणागतीचे ओझे आधी पत्नीच्या माथ्यावर आले. दुसऱ्याच्या निर्णयाने लादलेला त्याग हा त्याग नव्हे. तो स्वतःचा कधी होतो, याचा शोध या ग्रंथात आहे. गेथशेमानेतील नकार मराठीत खऱ्या अर्थाने आला तो येथे, अभंगात नव्हे तर गद्यात, आणि तोही बहुधा विनोदाच्या आवरणाखाली.

'स्मृतिचित्रे' हा भक्तिग्रंथ नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. त्यात तथ्य आहे. तथापि टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्णत्वास नेले, हे विसरता येत नाही. ज्या श्रद्धेने आपले घर मोडले, तिचेच महाकाव्य त्यांनी स्वेच्छेने हाती घेतले. हा शेवट पत्नीधर्म म्हणून वाचणे सोपे आहे. पण आधीच्या नकाराची नोंद शाबूत असल्यामुळे त्याला संमतीचे मोल येते. टिळकांच्या ख्रिस्तकाव्याचे मूल्यमापन म्हणूनच 'स्मृतिचित्रे'ला वगळून करता येणार नाही. त्या काव्याने जे गाळले, ते याच घरातील दुसऱ्या लेखणीने जपले आहे.