बादलीचा हिशेब आणि नव्वद दशलक्षांचा

गेल्या वर्षी टोरांटोला भाचीकडे महिनाभर राहून आलो. नायगारा पाहिला, उंच मनोरा पाहिला, सगळे रीतसर झाले. पण इतक्या दिवसांनीही मनातून जात नाही तो तिच्या बैठकीच्या खोलीत एका संध्याकाळी पाहिलेला, पन्नासएक मिनिटांचा अनुबोधपट. "मामा, आवडेल असं म्हणत नाही, पण बघून जा," एवढेच ती म्हणाली होती.

'द पीपल ऑफ द कट्टावापिस्काक रिव्हर' हे त्याचे नाव. साल २०१२. दिग्दर्शिका अलानिस ओबोमसॉविन. १९३२ चा जन्म, स्वतः अबेनाकी या आदिवासी जमातीच्या. मूळच्या गायिका आणि कथा सांगणाऱ्या. १९६७ पासून कॅनडाच्या सरकारी नॅशनल फिल्म बोर्डाशी त्यांचा संबंध आहे. सरकारी पैशाने सरकारलाच प्रश्न विचारणारे पन्नासाहून अधिक चित्रपट त्यांनी केले. आपल्याकडे अशी नोकरी किती दिवस टिकली असती, हा प्रश्न बाजूला ठेवू.

नावापाशीच मी अडलो. ज्या वस्तीची ही हकीकत आहे तिला सरकारी कागदावर आणि वर्तमानपत्रांत अटावापिस्कट म्हणतात. तिथली क्री माणसे कट्टावापिस्काक म्हणतात. बाईंनी शीर्षकात माणसांचा उच्चार ठेवला, कागदाचा नाही. आपल्या गावाचे नाव बेळगाव लिहायचे की बेळगावी यावर ज्याचे निम्मे आयुष्य वाद ऐकण्यात गेले, त्याला यातला अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ही वस्ती आँटारिओ प्रांताच्या अगदी उत्तरेला, जेम्स उपसागराच्या काठी आहे. माणसे सुमारे १,७००. बारमाही रस्ता नाही. एरवी विमान, आणि थंडीत नद्या-दलदली गोठल्या की काही आठवडे बर्फावरून ट्रक येतात. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या प्रमुख थेरेसा स्पेन्स यांनी आणीबाणी जाहीर केली, कारण डोक्यावर हिवाळा आला होता आणि कुटुंबेच्या कुटुंबे तंबूंत आणि फळ्यांच्या खोपटांत राहत होती. ओबोमसॉविन तेव्हा शाळेच्या प्रश्नावर दुसराच चित्रपट करण्यासाठी त्या वस्तीत जात-येत होत्या. तो बाजूला ठेवून त्यांनी कॅमेरा या घरांकडे वळवला.

त्या घरांत त्या ज्या रीतीने शिरतात, तिथे या चित्रपटाची खरी ताकद आहे. करुण संगीत नाही, रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर रेंगाळणारा कॅमेरा नाही. नळ नाही, मोरी नाही, म्हणून शौचासाठी बादली. ती भरली की बाहेर नेऊन ओतायची. पाणी दुसरीकडून भरून आणायचे, ते शेगडीवर तापवायचे, त्यात मुलांना धुवायचे. भिंतीवर बुरशी. लाकडाची शेगडी, तिच्याजवळच अंथरुणे. हे सगळे घरातली माणसे शांतपणे, पाहुण्याला घर दाखवावे तसे दाखवतात. बाईंचा प्रश्न ऐकू येतो तोही हलक्या आवाजात. दया मागायची नाही असे त्यांनी ठरवलेले दिसते. या संयमामुळेच प्रेक्षक नकळत हिशेब करू लागतो: दिवसाला किती खेपा, किती बादल्या, उणे तीस अंशांत बाहेर जाण्यायेण्याचे किती हेलपाटे.

त्यांचे दुसरे यश या हिशेबासमोर दुसरा हिशेब आणून ठेवण्यात आहे. बातम्या देशभर गेल्यावर पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत सांगितले की आपले सरकार आल्यापासून या वस्तीला ९ कोटी, म्हणजे नव्वद दशलक्ष डॉलर दिले आहेत. लगेच देशभर एकच सवाल सुरू झाला: कुठे गेले एवढे पैसे? मी कागदावर मांडून पाहिले. सुमारे सहा वर्षे, १,७०० माणसे. माणशी वर्षाला नऊ हजारांच्या आत. आणि या रकमेत शाळा, पाणी, रस्ते, निर्वाहभत्ता, कारभार असे सगळे आले. शहरातल्या माणसावरही हा खर्च होतच असतो; तो नगरपालिका, प्रांत आणि केंद्र अशा तीन खिशांतून होतो, म्हणून त्याची बेरीज कोणी संसदेत वाचून दाखवत नाही. सरकारने मात्र वस्तीवर बाहेरचा व्यवस्थापक नेमला, दिवसाला सुमारे १,३०० डॉलर मेहनतान्यावर, आणि तेही वस्तीच्याच निधीतून. १ ऑगस्ट २०१२ रोजी संघीय न्यायालयाने ही नेमणूक अवाजवी ठरवली. तापलेल्या विषयावरची इतकी थंड आणि नेमकी मांडणी मी क्वचितच पाहिली आहे.

आता तक्रार. ज्या कलाकृतीबद्दल आदर वाटतो तिच्याशी भांडायचाही हक्क असतो.

पहिले म्हणजे वस्तीच्या स्वतःच्या दप्तराकडे चित्रपट पाहतच नाही. पुढे, जानेवारी २०१३ मध्ये, लेखापरीक्षणाचा अहवाल आला. तपासलेल्या व्यवहारांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना पुरेशी कागदपत्रे नव्हती. कागद नाही म्हणजे पैसे खाल्लेच असे होत नाही, हे ग्रामपंचायतीचे दप्तर पाहिलेला कोणीही सांगेल. चित्रपट त्याआधीचा आहे, हेही खरे. पण दप्तर कोण लिहिते, कोणत्या भाषेत लिहिते, ते लिहिणे त्याला कोणी शिकवले, हे बाईंनी विचारले असते तर टीकाकारांच्या हाती आयते कोलीत गेले नसते. आपल्या माणसांची बाजू घेताना आपण त्यांच्या घरातले एक कपाट बंद ठेवतो. हा दोष मला ओळखीचा आहे, कारण सीमाभागातल्या आमच्या लेखनातही तो भरपूर आहे.

दुसरे, भाषेचे. १९०५ साली झालेल्या नवव्या करारात ही वस्ती १९३० मध्ये सामील झाली. करार इंग्रजीत, समजावणी तोंडी, दुभाष्यामार्फत. तोंडी सांगितले एक आणि कागदावर होते दुसरे, हा विषय बाईंनी 'ट्रिक ऑर ट्रीटी?' या २०१४ च्या चित्रपटात घेतला. तो भाचीने दुसऱ्या दिवशी लावला, आणि पहिल्यात काय राहून गेले ते तेव्हा कळले. माझ्या वडिलांना मोडी येई, बालबोध येई. कन्नड समजे, बोलता येई, वाचता मात्र येत नसे. शेताचा उतारा हातात पडला की ते शेजारच्या मास्तरांकडे जात. मास्तर कन्नड माणूस. चष्मा पुसून ओळ न् ओळ वाचून दाखवत, कधी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आमचे नशीब मास्तरांच्या सचोटीवर उभे होते. क्री माणसांना तसा मास्तर भेटला नाही. तंबूतल्या बादलीची गोष्ट त्या कागदापासून सुरू होते, आणि पहिल्या चित्रपटात त्याला मिळालेली जागा मला अपुरी वाटते.

तिसरी तक्रार पाण्याची, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. चित्रपट घरांचा आहे, म्हणून पाणी त्यात घराच्या अभावाचा एक भाग म्हणून येते: नळ नाही, एवढेच. ज्यांच्याकडे नळ आहे त्यांचे काय, हा प्रश्न सुटून जातो. २०१९ च्या जुलैत याच वस्तीने पुन्हा आणीबाणी जाहीर केली, या वेळी नळाच्याच पाण्यासाठी. पाण्यात कुजका पालापाचोळा फार, जंतू मारायला क्लोरीन, आणि पालापाचोळा व क्लोरीन यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगे. लोकांना सांगण्यात आले की अंघोळ थोडक्यात उरका, खिडकी उघडी ठेवा. पिण्याचे पाणी आधीपासूनच वेगळ्या गाळण केंद्रांवरून कॅनमध्ये भरून आणावे लागत होते. म्हणजे नळ आला तरी खेप चुकली नाही. घर बांधून देता येते, त्याचे छायाचित्र निघते. पाणी रोज नव्याने शुद्ध करावे लागते आणि त्यासाठी यंत्र चालवणारा माणूस पगारावर टिकवावा लागतो. ते छायाचित्रात येत नाही, आणि या चित्रपटातही आले नाही.

आणि ही एकट्या वस्तीची कथा नाही. नेस्कांटागा या आँटारिओतल्याच वस्तीत 'पाणी उकळून प्या' हा इशारा १ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. २०२५ मध्ये त्याला तीस वर्षे झाली. शोल लेकचे पाणी १९१९ पासून कालव्याने विनिपेग शहराला जाते. त्याच तळ्याकाठच्या शोल लेक क्रमांक ४० या वस्तीला मात्र १९९७ पासून २०२१ पर्यंत बाटलीतले पाणी प्यावे लागले. हे वाचताना मला शहापूर आठवले. तानसा, भातसा, मोडकसागर. मुंबईची तहान भागवणारी धरणे त्या परिसरात, आणि दर उन्हाळ्यात तिथल्याच कातकरी-ठाकरांच्या पाड्यांवर टँकर. आमच्या ललित लेखनात आदिवासी पाड्याचे पाणी बहुधा झऱ्याचे असते आणि झरा बहुधा खळाळता असतो. टँकर क्वचित, रांगेतले भांडण त्याहून क्वचित, आणि पोटाचा आजार जवळजवळ कधीच नाही. ओबोमसॉविन यांच्यावर मी कितीही रागावलो तरी एक मानले पाहिजे: त्यांच्या चित्रपटात एकही झरा खळाळत नाही.

त्या हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्याने बावीस तयार घरे वस्तीला मिळाली. चित्रपट संपल्यावर भाची उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळाचे पाणी पेल्यात घेऊन आली. गाळलेले नाही, उकळलेले नाही. मला सवयीने विचारावेसे वाटले, चालते ना? तिने आधीच मान हलवली.